पूर्वज 'बारगीर' होते, म्हणजे नेमकं काय करत होते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घराणं साताऱ्याकडचं. पेशवाईपासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंतचे चार कागद हाती लागलेत. एका हजिरीच्या यादीत मूळ पुरुषापुढे 'बारगीर' लिहिलंय. पुण्याच्या एका पेठेच्या खानेसुमारीत, म्हणजे घरमोजणीत, त्याच्या म्हणून दाखवलेल्या घरापुढे 'कुणबीण १' अशी नोंद आहे. इनामाच्या चौकशीत दिलेल्या कैफियतीत, म्हणजे लेखी निवेदनात, त्याचा नातू स्वतःला 'चौगुला' म्हणवतो. आणि १९३० च्या सुमाराच्या एका पावतीवर आजोबा 'जॉबर' आहेत. यातला खरा धंदा कोणता, आणि मधल्या पिढ्यांचा धंदा १८८१ किंवा १९०१ च्या जनगणनेत सापडेल का?

जनगणनेचं आधी सांगतो, कारण तिथे उत्तर 'नाही' असं आहे. इंग्लंडमधल्या जनगणनेचे १९२१ पर्यंतचे कागद नावानिशी बघायला मिळतात. ते पाहून आपल्याकडेही तसंच असेल असं वाटतं. पण आपल्याकडे गावागावांत भरलेले तक्ते आणि चिठ्ठ्या बेरजा होईपर्यंतच जपल्या जात. बेरजा छापल्या की मूळ कागदाचं काम संपलं. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार असे कागद कुणाला पाहता येत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तेव्हा १८८१ च्या जनगणनेतलं पणजोबांचं पान काढून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे द्यायच्या आधी जरा थांबा.

छापील अहवाल मात्र टाकून देऊ नका. १९०१ आणि १९११ ला माणसाचा मुख्य धंदा, जोडधंदा आणि तो कमावता नसेल तर त्याला पोसणाऱ्याचा धंदा, असे वेगवेगळे रकाने होते. नुसतं 'नोकरी' किंवा 'मजुरी' असं मोघम लिहू नका, अशी ताकीद गणना करणाऱ्यांना होती. ती द्यावी लागली यावरूनच ते काय लिहीत असतील याचा अंदाज यावा. पुढे धंद्यांची वर्गवारीही बदलली. १९०१ ला ५२० प्रकारचे धंदे मोजले होते, १९११ ला नवी पद्धत आणून ते १६९ गटांत बसवले. त्यामुळे दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवून 'दहा वर्षांत अमुक कारागीर बुडाले' असं म्हणण्याआधी, आकडा खरंच घटला की गट एकत्र झाले, ते बघावं लागतं. तुमच्या पणजोबांबद्दल या अहवालांतून काही कळणार नाही. त्यांच्या जिल्ह्यात त्यांच्या जातीचे लोक पोटासाठी प्रत्यक्षात काय करत होते, याचा अदमास मात्र येईल. १९११ चा जातवार धंद्यांचा तक्ता यासाठी चांगला आहे.

आता तुमच्या कागदांकडे येऊ. इतकी वर्षं मोडी वाचून माझी एक सवय झाली आहे. धंद्याचा शब्द दिसला की मी त्याचा अर्थ लगेच शोधत नाही. यादी कुणी केली आणि कशासाठी केली, ते आधी शोधतो. जुन्या कागदात धंदा नोंदवणाऱ्या कारकुनाला त्या माणसाच्या आयुष्यात रस नव्हता. त्याच्याकडून काय घ्यायचं, त्याला काय द्यायचं किंवा त्याचा कोणता हक्क मानायचा, एवढंच त्याला ठरवायचं होतं. एकच माणूस लष्कराच्या हजिरीत बारगीर असेल, गावच्या झाड्यात (जमिनीच्या हिशेबात) मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेचा जमीनधारक असेल आणि सावकाराच्या वहीत नुसतं 'कूळ' असेल. तिन्ही नोंदी खऱ्या असतात, कारण प्रत्येक कारकून आपापल्या खिडकीतून बघत होता.

बारगीर म्हणजे घोडेस्वार, एवढं तुम्हाला ठाऊक आहेच. पण घोडा कुणाचा, हा त्यातला कळीचा भाग. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारच्या पागेतून किंवा एखाद्या मोठ्या शिलेदाराकडून मिळे. म्हणजे 'बारगीर' या शब्दात शौर्याइतकीच आर्थिक स्थितीही लिहिलेली आहे: स्वार आहे, पण घोडा बाळगण्याची ऐपत नाही, किंवा अजून आलेली नाही. 'अजून' म्हणतो, कारण पुढे घोडा घेऊन शिलेदार झालेले लोकही होते. घराण्याच्या इतिहासात 'आमचे पूर्वज सरदार होते' असं लिहिण्याचा मोह होतो तो याच ठिकाणी. बारगीर सरदार नव्हे.

तुम्ही पाठवलेल्या हजिरीच्या पानाच्या फोटोत बारगीरच्या पुढे 'नि॥ पागा हुजूर' असं मला दिसतंय. 'नि॥' म्हणजे निसबत, अर्थात त्या खात्याकडचा, त्याच्या ताब्यातला. मोडीत असे संक्षेप जागोजाग भेटतात: मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे, दि॥ म्हणजे दिम्मत (कुणाच्या तरी पथकातला, हाताखालचा). धंदा वाचताना 'नि॥' आणि 'दि॥' यांना शब्दाइतकंच महत्त्व द्यायचं, कारण माणूस कुणाच्या पदरी आहे ते तिथे कळतं. हुजूर पागा म्हणजे खुद्द पेशव्यांची पागा. पुण्यात ती जिथे होती तिथे १८८४ ला मुलींची शाळा निघाली आणि पागेचं नाव शाळेला चिकटलं ते आजतागायत. तेव्हा तुमच्या माणसाचा घोडा सरकारी होता, एवढं पक्कं म्हणता येईल.

साल तुम्ही १७१७ धरलंय, ते चुकलंय. कागदावर 'सबा सबैन मया व अलफ' आहे: सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७७, पेशवाईच्या कागदांतली नेहमीची कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. येतं १७७६-७७, म्हणजे सवाई माधवरावांच्या लहानपणीचा, नाना फडणवीसांच्या कारभाराचा काळ. साठ वर्षांचा फरक पडला, म्हणजे तुमच्या वंशावळीत दोन पिढ्या आता जास्त झाल्या असणार. त्या तपासून घ्या.

आणखी एक. मोहिमा दसऱ्याला निघत आणि पावसाळ्यात स्वार बहुधा गावी परतत. गावाकडच्या कागदात हाच माणूस शेतकरी म्हणून दिसला, तर 'आधी शेतकरी होते, मग फौजेत गेले' अशी गोष्ट रचू नका. दोन्ही एकाच वर्षात घडत होतं.

आता 'कुणबीण १'. तुम्ही लिहिलंय, 'घरात एक कुणबी स्त्री होती, म्हणजे बहुधा पत्नी, यावरून आम्ही शेतकरी ठरतो.' हे वाचून मी जरा वेळ थांबलो. पेशवाईच्या कागदात घरातल्या मोजणीत 'कुणबीण' असा शब्द आला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ विकत घेतलेली किंवा सरकारातून मिळालेली दासी असा असतो. 'बटीक' हा शब्दही याच अर्थाने येतो. अशा बायकांची खरेदी-विक्री होई. सरकारी कोठीत, पागेत, मुदपाकखान्यात त्यांना कामाला लावलं जाई, आणि बक्षीस म्हणूनही त्या कुणाकुणाला दिल्या जात. त्यांना पगार नसे, मिळे ते अन्न-वस्त्र. इंग्रजी अमलात १८४३ च्या कायद्याने गुलामीला कायद्याचा आधार राहिला नाही, तोवर हा शब्द या अर्थाने कागदात राहिला. कुणबी जातीची स्त्री असाही अर्थ होऊ शकतो, पण त्या वेळी ती सहसा कुणाची तरी बायको, आई किंवा विधवा म्हणून नावानिशी येते. माणसांच्या मोजदादीत शेवटी नुसता आकडा टाकून 'कुणबीण १' येत नाही.

पण या नोंदीबद्दल मला वेगळीच शंका आहे. हुजूर पागेतल्या साध्या बारगिराच्या घरी कुणबीण असणं जड वाटतं. शक्यता तीन. एक, तो साधा बारगीर नव्हता, त्याच्याकडे आणखी काही काम होतं. दोन, घर दुसऱ्याच कुणाचं होतं आणि तो तिथे बिऱ्हाडकरू होता. तीन, नाव सारखं असलेला हा वेगळाच माणूस. मला तिसरी शक्यता जास्त वाटते, कारण खानेसुमारीच्या नकलेत फक्त नाव आहे, बापाचं नाव नाही. हजिरीत 'बिन' लावून बापाचं नाव दिलंय. दोन्ही कागदांत समान असलेलं दुसरं काही, म्हणजे गाव, बाप किंवा निसबत, सापडेपर्यंत ही दोन माणसं एक धरू नका. आणि ती एकच निघाली, तर कुणबिणीची नोंद गाळू नका. घराण्याच्या इतिहासात तिचं नाव नसेल, पण ती त्या घरात राबली हे कागद सांगतोय.

'कुणबी' या शब्दाबद्दलही थोडं, कारण हल्ली दप्तरखान्यात येणारे बहुतेक लोक त्याच शब्दासाठी येतात. शब्द कागदात कुठे बसलाय ते बघायचं. नावापुढे, जातीच्या जागी आला तर जात. 'कुणबी लोकांस ताकीद करणे' अशा वाक्यात आला तर रयत, शेती करणारे लोक. इंग्रजी अमलातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत जातीचा रकानाच असतो, तिथे प्रश्न सोपा होतो. मोडी पत्रात तो रकाना आपल्यालाच डोळ्यांपुढे आणावा लागतो.

चौगुल्याची कैफियत वाचताना सावध राहा. कागद खोटा आहे म्हणून नव्हे, ती लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ होता म्हणून. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि वतनं-इनामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचं सिद्ध करा, असं लोकांना सांगण्यात आलं. त्यामुळे वंशावळ शोधणाऱ्याला या कैफियती म्हणजे घबाड. चार-पाच पिढ्या ओळीने मिळतात. पण जमीन टिकवायची असलेला माणूस आपलं काम लहान करून कशाला सांगेल? सातारा १८४८ ला खालसा झालं, त्याआधी तुमचं गाव छत्रपतींच्या राज्यात असणार, जहागिरीत नसलं तर. म्हणजे ही कैफियत नव्या सरकारपुढे जुना हक्क मांडणारी आहे. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस, गावचा वतनदार. कैफियतीत तो 'वतनी चौगुला' म्हणतोय. याचा अर्थ वतन त्याच्या घरात होतं. तो स्वतः ते काम करत होता असं त्यातून निघत नाही.

वतन आणि काम यांतली ही फट लोकांच्या लक्षात येत नाही. वतन वाटलं जाई, गहाण पडे, विकलंही जाई. पाव तक्षिमेचा (हिश्शाचा) पाटील, आठ आण्यांचा कुलकर्णी अशा नोंदी मी कितीतरी वाचल्यात. कुलकर्णी वतन एकाचं आणि दप्तर लिहिणारा त्याचा गुमास्ता दुसराच, हे तर नेहमीचं. वतनदार पुण्यात चाकरीला आणि गावात त्याच्या जागी काम बघणारा मुतालिक, असंही असे. बलुतेदारांचंही तसंच. गावच्या सुताराला बलुतं मिळे ते त्या घराण्याच्या हक्काचं. घरात चार भाऊ असले, तर रंधा हातात धरणारा एखादाच असू शकतो, बाकीचे शेती करत असतील. कुणी खरोखर धंदा करून पैसे मिळवत होता का, हे शोधायचं तर मोहतर्फ्याच्या याद्या बघा. मोहतर्फा म्हणजे दुकानदार आणि कारागिरांवरचा कर. ज्याचा धंदा बंद, तो कर भरायला कुरकुरणारच, त्यामुळे या याद्यांतला धंदा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता तुमच्या कागदात नसलेले, पण पुढे नक्की भेटतील असे काही शब्द. 'वकील' पेशवाईत आला तर तो दुसऱ्या दरबारी पाठवलेला प्रतिनिधी, कोर्टातला नव्हे. 'कारखाना' म्हणजे सरकारी खातं: तोफखाना, पीलखाना (हत्तींचा), जामदारखाना (मौल्यवान वस्तूंचा). कारखानीस हा तिथला हिशेब बघणारा, गिरणीचा मालक नव्हे. 'हवालदार' पेशवाईत किल्ल्याचा अधिकारी असू शकतो, इंग्रजी फौजेत तो शिपायांवरचा हुद्दा. 'सुभेदार' मराठी राज्यात सुभ्याचा प्रमुख, कंपनीच्या पलटणीत देशी अंमलदार, आणि मराठवाड्याचे कागद असतील तर निजामाच्या राज्यात अनेक जिल्ह्यांवरचा वरिष्ठ अधिकारी. तिथेच 'तालुकदार' म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. मराठवाड्यातल्या एका कुटुंबाने हे न कळून आपल्या कर्त्या पूर्वजाला तालुक्याचा कारकून करून ठेवलं होतं. 'कूळ' जुन्या कागदात सारा भरणारं किंवा देणं असलेलं घर, पुढे दुसऱ्याची जमीन कसणारा.

माझीही एक फजिती सांगतो. मोडी शिकून दोन-तीन वर्षं झाली होती. एका घराण्याच्या कागदात 'शागीर्दपेशा' वाचलं आणि मी त्यांना सांगून मोकळा झालो की पूर्वज कुणा गवयाकडे किंवा पैलवानाकडे शिकत असणार. त्यांनी ते आनंदाने छापलंसुद्धा. पुढे कळलं की शागीर्दपेशा म्हणजे घरातले नोकरचाकर: पाणके, मशालजी, फरास, हुजरे. तेव्हापासून शब्द ओळखीचा वाटला की मी आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतो. त्याची १८५७ ची आवृत्ती जवळ ठेवा. पेशवाई पाहिलेली माणसं हयात असताना ते शब्द गोळा झालेत, त्यामुळे आजचे अर्थ त्यात घुसलेले नाहीत.

वाचनातली चूक ही वेगळीच गोष्ट. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही. साळी, माळी, कोळी, तेली हे सगळे दोन अक्षरी शब्द, शेपूट जवळपास सारखं. पहिलं अक्षर पुसट असेल तर अंदाजाने धंदा ठरवू नका, त्याच हाताने लिहिलेला तोच शब्द दुसऱ्या ओळीत शोधा. आडनावावरून तर धंदा मुळीच काढू नका. आडनावं कागदोपत्री पक्की झाली ती बरीचशी इंग्रजी अमलात, शाळेच्या आणि पलटणीच्या नोंदींतून. पोतनीस आडनावाच्या घरात तीनशे वर्षं कुणी खजिन्याला हात लावला नसेल.

आजोबांच्या 'जॉबर'चं फार सांगायला नको. गिरणीत नवी माणसं आणणारा, त्यांना काम देणारा, खात्यात त्यांच्यावर देखरेख ठेवणारा तो जॉबर, म्हणजेच मुकादम. बहुतेक जॉबर आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसं भरत. कोण कामावर, कोण बदली, हे त्याच्या शब्दावर ठरे आणि त्याबद्दल तो दस्तुरी, म्हणजे आपला हिस्साही घेई. त्यामुळे गावाकडे त्याचा दबदबा असे. तुमच्या गावातून त्या वर्षांत मुंबईला गेलेल्या माणसांची नावं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. निम्मी तरी तुमच्या आजोबांनी नेलेली निघतील.

मधल्या पिढ्यांसाठी जनगणनेच्या मागे न लागता दोन ठिकाणं बघा. त्र्यंबक-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळी: तिथे यात्रेकरू स्वतः नाव-गाव सांगतो आणि कधीकधी कामाचा हुद्दाही लिहून घेतो. वसुलाशी त्याचा संबंध नसतो, म्हणून तो बराचसा खरा असतो, थोडी फुशारकी वजा जाता. दुसरं, तालुक्याच्या अभिलेख कक्षातले जुने फेरफार. जमीन कशी आली आणि कशी गेली यावरून धंदा कळतो. बारगिरांचा नातू चौगुला म्हणवून घेतो आणि पणतूचा पोरगा गिरणीत जातो, त्याच्या मध्ये कुठेतरी जमीन हातची गेली असणार, आणि ती कधी गेली ते फेरफारात लिहिलेलं असेल.

हजिरीच्या पानाचा तुमचा फोटो वरून कापला गेलाय. मथळ्याची ओळ त्यात नाही, आणि यादी कशाची ते तिथेच लिहिलेलं असतं: पगार वाटल्याची, की घोडे मोजल्याची, की गैरहजरांची. पुण्याच्या पुराभिलेखागारात त्याच रुमालातलं (कागदांच्या गाठोड्यातलं) आधीचं पानही मागा. बारगिराच्या नावाआधी एक बारीक खूण दिसतेय. मला ती मयत झालेल्या माणसाची वाटतेय, पण मथळा पाहिल्याशिवाय तसं म्हणणार नाही.